प्रेमापोटी लिहून दिलेली जमीन

रस्त्याकडेला एक पाटी लावायची होती, त्यातून हे सगळं निघालं.

आमच्या भागात एखादी शेती शंभर वर्षं एकाच घराण्याकडे राहिली की राज्याकडून त्या घराण्याच्या आडनावाची पाटी मिळते. शेजारच्या तिघांच्या फाटकाशी ती केव्हाच लागली होती. माझे सासरे इतकी वर्षं म्हणायचे, “गहू काय पाटी वाचून उगवतो?” पण तीन वर्षांपूर्वी त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझा नवरा, ऐन कापणीत कंबाइन यंत्रातून उतरून खाली बसला तो उठलाच नाही. त्यानंतर सासऱ्यांना पाटी हवीशी वाटायला लागली. वय वर्षं शहाऐंशी. आपल्यामागे काहीतरी लिहिलेलं राहावं असं त्या वयात वाटत असेल. त्यांनी फॉर्म मागवला आणि दुपारी जेवताना माझ्या ताटाशेजारी सरकवला. घरातलं कागदाचं काम माझ्याकडे. तसं पाहिलं तर सगळंच काम माझ्याकडे.

फॉर्ममधला पहिलाच प्रश्न होता, ही जमीन मुळात कोणी घेतली?

“माझ्या आजोबांचं नाव घाल,” सासरे म्हणाले. “आणि कोर्टातून उतारा आण. पुरावा लागतो म्हणे.”

उतारा हा शब्द माझा, ते बिचारे इंग्रजीतच बोलले. पण मी सातारा जिल्ह्यातली. जमिनीचा कागद म्हटला की मला नॉर्थ डकोटातही सातबाराच दिसतो.

या घरात लग्न होऊन आले त्याला पंचवीस वर्षं झाली आणि आजोबांची गोष्ट मी पंचवीस वेळा ऐकली, थँक्सगिव्हिंगच्या प्रत्येक जेवणाला एकदा. आजोबा नॉर्वेहून आले. बरोबर एक बैल आणि एक लोखंडी चूल. चहूकडे कमरेइतकं गवत, झाड म्हणून औषधाला नाही. सरकार एकशे साठ एकर माळ फुकट देत होतं. अट एवढीच, की तिथे घर बांधून पाच वर्षं राहायचं, जमीन नांगराखाली आणायची आणि शेवटी दोन शेजाऱ्यांची साक्ष काढायची. कितीतरी लोक थंडीला भिऊन परत गेले, आजोबा टिकले. त्या माळावर त्याआधी कोण राहत होतं आणि त्यांना कोणी हाकललं, हे गोष्टीत नसतं. मी एकदा विचारलं होतं. तेव्हा टेबलावरच्या सगळ्यांना एकदम बटाटे हवेसे झाले.

गोष्टीच्या शेवटी एक वाक्य असायचं: बहीण होती सोबतीला, स्वयंपाकाला. जुन्या फोटोत ती आहे. मागच्या रांगेत, कडेला, एप्रन न काढता उभी. चर्चमागच्या स्मशानात तिचा दगडही आहे. त्यावर नाव नाही, नॉर्वेजियनमध्ये नुसतं ‘आत्या’ कोरलंय. दरवर्षी मेच्या शेवटी आम्ही घरातल्या सगळ्यांच्या थडग्यांवर फुलं ठेवतो, आणि हा एक दगड घासायचं काम आपसूक माझ्याकडे आलं होतं. पंचवीस वर्षं मी तो घासला आणि बाईचं नाव काय होतं हे एकदाही कुणाला विचारलं नाही. माझीही कमालच म्हणायची.

मी इथे आले होते माती शिकायला. गावाकडे कृषी महाविद्यालयात पदवी घेतली आणि इथल्या विद्यापीठात एम.एस. करायला आले. बरोबरच्या मराठी मुली पुढे पिस्कॅटवे नाहीतर हर्नडनसारखी देशी वस्तीची उपनगरं गाठून स्थिरस्थावर झाल्या. मी वर्गातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न करून ट्रॅक्टरवर बसले. त्या मैत्रिणींना माझं फार कौतुक. फोटो पाठव गं, सूर्यफुलांचा पाठव, असं चालायचं. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय!

इथल्या मातीचा एक स्वभाव आहे. हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते आणि वसंतात सैल होताना पोटातले दगड वर ढकलते. पेरणीआधी ते वेचावेच लागतात, नाहीतर यंत्राची पाती मोडतात. दरवर्षी वेचायचे, दरवर्षी नवे येतात. शेताच्या ईशान्य कोपऱ्यात त्या दगडांची रास आहे, माझ्या डोक्याहून उंच. मुलगी पोटात असताना सातव्या महिन्यात मी दगड वेचलेत. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “माझ्याकडे आजवर कामाला आलेल्यांत हा सगळ्यात चांगला गडी,” आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. मी फुशारून जायचे. गडी आणि मालक यांतला फरक मला कळत नव्हता असं नाही, पण तो आपल्याला लागू असेल असं कधी मनात आलं नाही.

आणि यावं तरी कशाला? आमचं लग्न झाल्यावर घराभोवतीचे एकशे साठ एकर सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याच्या नावावर करून दिले होते. हाच तो आजोबांचा पहिला तुकडा. घर, विहीर, वाऱ्याला आडवी लावलेली झाडं, दगडांची रास, सगळं त्यातच. नवऱ्याने मृत्युपत्रात तो निम्मा मला आणि निम्मा मुलीला ठेवला. बाकीची शेती सासऱ्यांच्या नावावर, ती पुढेमागे दिराकडे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती. दीर ॲरिझोनात दातांचा डॉक्टर आहे. वर्षातून एकदा शिकारीला येतो आणि जाताना गव्हाच्या चार ओंब्या गाडीच्या आरशाला लटकवून नेतो.

आता माझ्या माहेरचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे वडील गेले तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. तिला घेऊन मी गावी गेले. वडिलांच्या नावावर ओढ्याकाठची सात एकर बागायत, आणि वारस आम्ही दोघंच, मी आणि धाकटा भाऊ. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता भाऊ म्हणाला, “ताई, तालुक्याला जाऊन यायचं का? हक्कसोड उरकून टाकू.” बहिणीने आपला वाटा भावाला सोडला असा तो कागद. आमच्याकडे बहीण तो करते. न करणारीला कुणी काही बोलत नाही, फक्त पुढच्या दिवाळीला बोलावत नाहीत.

“तुला काय कमी हाय ताई?” भाऊ म्हणाला. “तिकडं शेकड्यानं एकर हायेत तुझं.”

मी हसले. मलाही तसंच वाटत होतं. निबंधकाच्या कचेरीत माझा फोटो काढला, अंगठा घेतला. कागदात लिहिलं होतं, ‘नैसर्गिक प्रेमापोटी व विनामोबदला’. मुलगी बाकावर बसून मामाने दिलेला पेढा खात होती.

“आई, तू काय करतेयस?” तिने विचारलं. तेव्हा ती माझ्याशी मराठी बोलायची.

“मामाला जमीन देतेय.”

“का?”

“मामा आपला आहे म्हणून.”

ही गोष्ट मी पुढे कितीदा सांगितली असेल! गणपतीला सात तास गाडी चालवून मिनीॲपोलिसला जायचे तेव्हा मंडळात सांगितली, चर्चच्या तळघरात हॉटडिश नावाचा भाजलेला बटाटे-खिमा वाढता वाढता इथल्या बायकांना सांगितली. मुलीला तर शाळेत सोडताना दर आठवड्याला. आमच्याकडे बांधावरून डोकी फुटतात, पण तुझ्या आईने एक चकार शब्द न काढता सात एकरांवर सही केली, वगैरे वगैरे. तिच्यावर संस्कार करत होते मी. भावाचा आता वर्षातून एक मेसेज येतो, भाऊबीजेला, तेवत्या निरांजनाचं चित्र. तेही कुणाकडून तरी आलेलं पुढे ढकललेलं.

तर मी उतारा आणायला गेले. कोर्ट तीस मैलांवर, इथे जमिनीची दप्तरंही तिथेच असतात. तिथल्या बाईने जुनं रजिस्टर काढून दिलं आणि मी आमचा तुकडा शोधला. सरकारकडून जमीन मिळाल्याची नोंद होती, आडनाव आमचं होतं, पण पुढचं नाव बाईचं होतं. आधी वाटलं, लिहिणाऱ्याची चूक असेल. मग सहा वर्षांनंतरची दुसरी नोंद सापडली. त्याच बाईने तोच तुकडा आपल्या भावाला लिहून दिला होता. मोबदल्याच्या जागी शाईने लिहिलं होतं: प्रेम आणि आपुलकी.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग रजिस्टर देणाऱ्या बाईला विचारून एक खुर्ची घेतली आणि बसले.

बाकीची कागदपत्रं वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरखान्यातून मागवली, ती दीड महिन्याने आली. पाच वर्षं पुरी झाल्यावर तिची घेतलेली जबानी त्यात होती. प्रश्न छापील, उत्तरं हाताने लिहिलेली. घर केवढं? बारा फूट बाय चौदा, एक दार, एक खिडकी. विहीर? आहे. नांगराखाली जमीन किती? चाळीस एकर. लग्न झालंय का? नाही. जमिनीपासून दूर राहिलात का? दर हिवाळ्यात तीन महिने, गावात शाळा शिकवायला. एका शेजाऱ्याने साक्ष दिली होती की हिने शेतातले दगड स्वतः वेचून ईशान्य कोपऱ्यात रचलेत, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि घरात आणखी कोण राहतं, या प्रश्नाला तिचं उत्तर: भाऊ. त्यानेही शेजारच्या तुकड्यावर दावा लावला होता, पण दुसऱ्या हिवाळ्यात सोडून दिला. सध्या माझ्याकडे असतो.

म्हणजे टिकले ते आजोबा नव्हतेच. आजोबा आयत्या बिळावर नागोबा! पंचवीस थँक्सगिव्हिंग मी त्या माणसाच्या धीराच्या गोष्टी माना डोलावत ऐकल्या आणि वर भांडी घासली. मला हसू आलं आणि लगोलग असा संताप आला की स्वयंपाकघरात पातेली आपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काटा-सुरी ताटात ठेवली.

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे?”

“तिने लग्न केलं नाही. मूलबाळ नाही. तिला जमीन काय करायची होती? आजोबांची आठ पोरं तिनेच वाढवली. कुणी तिला वाऱ्यावर सोडलं नाही, शेवटपर्यंत या घरात तिला खोली होती.”

“कुठली खोली?”

“स्वयंपाकघरामागची. तू लोणच्याच्या बरण्या ठेवतेस ती.”

त्या खोलीला खिडकी नाही. “फॉर्मवर आजोबांचं नाव घाल,” ते परत म्हणाले आणि जेवायला लागले. थोड्या वेळाने, मीठ मागावं तितक्या सहज, म्हणाले की पुढच्या आठवड्यात धाकटा येतोय, त्याच्याकडे एक कागद आहे.

दीर आला तो संत्र्यांची पेटी घेऊन. आल्याआल्या मला मिठी मारली, तू आमच्यासाठी किती केलंस म्हणाला, भावाची आठवण काढून डोळे पुसले. मग कागद काढला. मी आणि मुलीने हा तुकडा त्याच्या नावावर करून द्यायचा. शेती मोठ्या कंपनीला खंडाने जाईल, मला आता या वयात दगड वेचायला नकोत. घर मात्र मी जिवंत असेपर्यंत माझं.

“का?” मी विचारलं.

“जमीन नावात राहावी म्हणून,” तो म्हणाला. त्याला मुलगा आहे, मुलाचं आडनाव तेच राहणार. “तुझी मुलगी उद्या लग्न करेल. मग जमीन कुठे जाईल, काय सांगावं?”

सातासमुद्रापार येऊन हेच वाक्य ऐकायचं होतं तर मी विमानाचं तिकीट कशाला काढलं, असं वाटून गेलं. मी सासऱ्यांकडे पाहिलं. हा तोच माणूस, ज्याने मला कंबाइन चालवायला शिकवलं. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा राहून, “उरलेला गहू आपण दोघं काढू,” म्हणाला होता, आणि खरंच आम्ही दोघांनी तो काढला. माझे वडील गेल्यावर मी ज्याला मनापासून डॅड म्हटलं तो हा एकच माणूस. ते खिडकीबाहेर बघत बसले होते. त्या वेळी मला त्यांचा जितका राग आला तितका उभ्या जन्मात कुणाचा आला नाही, आणि राग कसला, काळजाला घरं पडली.

कागदातली मोबदल्याची ओळ मी बोटाने शोधून काढली. तिथे जे असणार होतं तेच होतं.

“मी सही करणार नाही,” मी म्हणाले. “ही जमीन माझी आणि माझ्या मुलीची आहे.”

कुणी आवाज चढवला नाही. या घरात चढवत नाहीत. दीर म्हणाला, घाई नाही, विचार कर. सासरे म्हणाले, “असं का.” बस, तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून ते जेवायला आले नाहीत. अंगणापलीकडच्या त्यांच्या छोट्या घरात डबा उघडून सूप गरम करून खायचे, मला खिडकीतून दिसायचं. आठवड्याने दिराबरोबर ॲरिझोनाला गेले, हिवाळ्यापुरते. चर्चमधल्या बायका माझ्याशी हवामानावर बोलायला लागल्या, नुसत्या हवामानावर.

मी फॉर्म काढला, पहिल्या प्रश्नासमोर त्या आत्याचं नाव लिहिलं, ठळक अक्षरांत, आणि तो पोस्टात टाकला. फार बरं वाटलं. एकदा चुकले होते, आता चुकणार नाही, असं त्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन मोठ्याने म्हणाले, बरण्यांना. मुलीला मात्र यातलं काहीच कळवलं नाही. ती रेडमंडला एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागलीय, नवी नोकरी, नवं गाव. म्हटलं तिच्या डोक्याला ताप कशाला. तिचा वाटा मी राखतेय, पुढे सावकाश सांगू.

जानेवारीत एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. खुशीत होती.

“आई, ग्रँडपाने कॉल केला होता. ही वॉज क्राइंग, आई. आय हॅव नेव्हर हर्ड हिम क्राय.”

“काय म्हणाले?”

“शेत फॅमिलीत राहायला हवं म्हणाले. अंकलने पेपर्स पाठवले, मी लंच अवरमध्ये बँकेतल्या नोटरीसमोर साइन केले. माझा हाफ. सो दॅट्स डन. यू डोन्ट हॅव टू वरी.”

“वाचलंस का त्यात काय लिहिलंय?”

“ऑफ कोर्स वाचलं. फॉर लव्ह अँड अफेक्शन. आय थॉट दॅट वॉज सो स्वीट.”

मग मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही. मला विचारायचं तरी होतंस, तुझ्या बापाने तुला ठेवली होती ती, केसाने गळा कापला तुझा आणि तू थँक यू म्हणालीस, असलं बरंच काही. मी दमून थांबले तेव्हा तिचा आवाज आला, घाबरलेला आणि खरोखर गोंधळलेला.

“पण आई, यू डिड इट. आय वॉज देअर. तू मला कारमध्ये ऑलवेज सांगायचीस. आय थॉट यू वुड बी प्राउड.” आणि मग माझ्याच सुरात, सहा वर्षांची असताना ऐकलेलं वाक्य तिने जसंच्या तसं म्हटलं. “ग्रँडपा आपला आहे म्हणून.”

चूक तुझी नाही, बाळा, एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

आता मे उजाडलाय. सासरे ॲरिझोनातच राहिले. पाटी अजून आलेली नाही. आली तरी तिच्यावर आडनाव तेवढं असतं, त्यामुळे पहिल्या प्रश्नासमोर मी कुणाचं नाव लिहिलं हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कधी कळायचं नाही. चर्चमागचा दगड मी यंदा महिनाअखेरीची वाट न बघता काल घासून आले. जमीन सैल झालीय आणि शेतात यंदाचे दगड वर आलेत. त्यातले निम्मे आता दिराचे आहेत, वेचायला मात्र मीच आहे.